एक्सबॉक्स ३६० चा ट्रे अडकलाय? स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी कान लावा

इजेक्टचं बटण दाबलं, आतून घूं-घूं आवाज आला, 'टक' झालं आणि ट्रे जागच्या जागी. पुन्हा दाबलं, तेच. तिसऱ्यांदा दाबल्यावर आला बाहेर, म्हणून आपण विषय सोडून दिला. पुढे एक दिवस असा उजाडतो की कितीही दाबा, ट्रे ढिम्म हलत नाही, आणि आत नेमकी मित्राकडून आणलेली डिस्क असते. जुना ३६० घरात असलेल्या बऱ्याच जणांना ही कहाणी ओळखीची वाटेल.

हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, २००५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आणि २००६ मध्ये भारतात आला. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचं उत्पादन थांबवलं आणि २९ जुलै २०२४ ला ३६० वरचं ऑनलाइन दुकानही बंद केलं. आता या कन्सोलवर नवा गेम आणायचा तर बहुतेक वेळा डिस्कच लागते. गेम हार्ड डिस्कवर इन्स्टॉल केला असला तरी सुटका नाही. डिस्कवरून इन्स्टॉल केलेला गेम चालू करताना ती डिस्क ड्राइव्हमध्ये, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागात, असावीच लागते. त्यामुळे ट्रे गेला की कपाटातले सगळे गेम शोभेचे.

ज्यांनी आजवर एकही कन्सोल उघडलेला नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. न उघडणाऱ्या ट्रेचं मूळ बहुतेक वेळा एका छोट्याशा रबरी बेल्टमध्ये असतं. तो बदलायला फार खर्च येत नाही. खर्च वाढतो तो घाईने अख्खा ड्राइव्ह बदलायला गेल्यावर. का, ते पुढे येईलच.

आत काय घडतं

बटण दाबल्यावर ट्रे थेट बाहेर ढकलला जातो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याआधी एक काम होतं. डिस्क फिरवणारी मोटर आणि लेझर एका छोट्या मंचावर बसवलेले असतात. ट्रे बंद असताना हा मंच वर उचललेला असतो, आणि ड्राइव्हच्या झाकणाला लटकलेली चुंबकाची चकती वरून त्यावर येऊन बसते. डिस्क असेल तर ती या दोघांच्या मध्ये पकडली जाते. ट्रे उघडायचा म्हणजे आधी हा मंच खाली ओढून चुंबकाची पकड सोडवायची. त्यानंतरच ट्रे सरकतो.

ही दोन्ही कामं एकच इवलीशी मोटर करते आणि तिची ताकद दातेरी चाकापर्यंत पोचवतो तो रबरी बेल्ट. टेपरेकॉर्डरचा बेल्ट सैल झाला की गाणं रेंगाळायचं, आठवतं? इथेही तेच होतं. रबर वर्षानुवर्षं उष्णतेत राहून ताणलं जातं, गुळगुळीत होतं. मंच खाली ओढायचा पहिला झटका सर्वांत जड असतो, आणि नेमका तिथेच बेल्ट घसरतो. मोटर फिरते, आवाज येतो, चाक मात्र हलत नाही.

यातून एक गंमत कळते. ड्राइव्ह रिकामा असेल तर चुंबक आणि मंच एकमेकांना अगदी चिकटून बसतात. मध्ये डिस्क असली की तेवढं अंतर राहतं आणि पकड थोडी ढिली पडते. म्हणून ज्याचा बेल्ट कुरकुर करायला लागला आहे त्याने ड्राइव्ह कधी रिकामा ठेवू नये. एखादी जुनी, नको असलेली डीव्हीडी आत टाकून ठेवावी. एवढ्यावरही काही काळ निभावतं.

आवाजावरून निदान

टीव्हीचा आवाज बंद करा, कान कन्सोलजवळ न्या आणि इजेक्ट दाबा.

घूं आवाज आणि मग टक, पण ट्रे हलत नाही: बेल्ट. यात फारसं डोकं खाजवायचं कारण नाही.

कर्र-कर्र असा दात घासल्यासारखा आवाज: दातेरी चाकाचा दात तुटलाय किंवा आत काहीतरी अडकलंय. घरात लहान मूल असेल तर दुसरी शक्यता आधी धरा. नाणं, स्टिकर, पत्त्याचं पान, एकावर एक ठेवलेल्या दोन डिस्क, यातलं काहीही निघू शकतं. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. उरलेले दातही जातील.

ट्रे उघडतो आणि लगेच आत जातो, किंवा बंद होता होता परत बाहेर येतो: वाटेत काहीतरी आडवं येतंय, किंवा ट्रे शेवटपर्यंत पोचल्याचं सांगणारा आतला बारीक स्विच मळलाय. थकलेला बेल्टही असं करू शकतो. ट्रे जेमतेम बंद होतो, स्विचला टेकत नाही, आणि कन्सोल समजतो की कुणाचं तरी बोट मध्ये आलंय.

काहीच आवाज नाही: इथे बेल्टवर संशय घेऊ नका. मुख्य स्क्रीनवर 'ओपन ट्रे' असा चौकोन असतो, तो कंट्रोलरने निवडून पाहा. त्याने ट्रे उघडला तर दोष बटणाचा. २०१० मध्ये आलेल्या स्लिम मॉडेलला दाबायचं बटण नाहीच, बोट टेकवायचं असतं. ओल्या किंवा तेलकट बोटाला ते दाद देत नाही, तेव्हा हात आणि पॅनल दोन्ही पुसून बघा. कंट्रोलरनेही काही झालं नाही तर कन्सोल बंद करून वीजपुरवठ्याची वायर मागून काढा, पाचेक मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. तरीही शांतता असेल तर ड्राइव्हची आतली केबल सैल असू शकते. जुन्या मॉडेलवर एकच लाल दिवा आणि स्क्रीनवर ई६४, ई६५ किंवा ई६६ असं काही दिसत असेल तर कन्सोलला ड्राइव्हशी बोलताच येत नाहीये. मग प्रश्न ट्रेच्या पलीकडचा आहे.

ट्रे नीट चालतो पण डिस्क वाचली जात नाही, हे दुखणं वेगळं. ते लेझरच्या भिंगाचं. ड्राइव्ह उघडून (कसा ते पुढे येईल) कापसाच्या इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन भिंग हलकेच पुसा. त्याने भागलं तर भागलं.

न उघडता करून बघायचे उपाय

सर्वांत आधी पुढचं प्लास्टिकचं आवरण काढा. जुन्या, जाड मॉडेलवर ते हाताने निघतं. पुढे यूएसबी पोर्टचं छोटं दार असतं, ते उघडून त्या खाचेत बोट घाला आणि आपल्याकडे ओढा. कट् करून सुटेल. घाबरू नका, तुटलेलं नाही. आता इजेक्ट दाबा. आवरण किंचित वाकडं बसलं असलं तरी ट्रेची कड त्याला घासते, आणि आवरण काढताच ट्रे सुरळीत चालतो. असं झालं तर तुमचं काम इथेच संपलं. आवरण नीट चारही बाजूंनी दाबून बसवा.

आवरणाखाली चंदेरी सील दिसेल. तो वॉरंटीचा. ती मुदत कधीच उलटून गेली आहे, त्याचं दडपण घेऊ नका. पण वापरलेला कन्सोल विकत घेताना हा सील जरूर बघा. फाटलेला असेल तर आधी कुणीतरी आत हात घातलाय.

तेवढ्याने झालं नाही तर कन्सोल उभा असेल तो आडवा करा, आडवा असेल तर उभा करा, पण बंद करूनच. डिस्क आत फिरत असताना कन्सोल हलवला की डिस्कवर गोल चरा पडतो. या चऱ्यांवरून अमेरिकेत ग्राहकांनी मायक्रोसॉफ्टवर दावा लावला होता आणि तो एका तांत्रिक मुद्द्यावर थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१७ मध्ये त्या मुद्द्याचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. तुमची चरा पडलेली डिस्क मात्र कुणी बदलून देणार नाही.

आता एका हाताने इजेक्ट दाबा आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताच्या तळव्याने ट्रेच्या वरच्या भागावर हलकी थाप मारा. तबल्यावर पडते तितकीच, दारावर पडते तशी नाही. चुंबकाची पकड सुटायला एवढा धक्का अनेकदा पुरतो. ट्रे केसभर जरी पुढे आला तरी त्याची कड दोन नखांत धरून सरळ रेषेत ओढा. तिरका ओढला तर दातेरी पट्टी चाकावरून उतरते. चाकूचं पातं घालून उचकटण्याचा मोह सर्वांना होतो. ट्रेच्या पुढच्या पट्टीचे तुकडे होण्यापलीकडे त्यातून काही साधत नाही.

ड्राइव्हला आणीबाणीसाठी एक खाच किंवा भोकही असतं. सरळ केलेली यू पिन त्यात सारली की आतला सरकता भाग ढकलला जातो आणि ट्रे मोकळा होतो. त्याची जागा ड्राइव्हच्या मेकप्रमाणे बदलते. म्हणून दिसेल त्या भोकात यू पिन खुपसत बसू नका. वायर काढलेली असू द्या, टॉर्चने आत बघा, आणि खात्री नसेल तर ड्राइव्ह बाहेर काढल्यावरच हा प्रयोग करा.

आणि तेल. दार करकरलं की खोबरेल, यंत्र अडलं की शिलाई मशीनचं तेल, ही आपली घरगुती सवय. इथे ती आवरा. तेलाचा एक थेंब बेल्टवर गेला तर तो आणखी घसरेल, आणि भिंगावर गेला तर डिस्क वाचणंही बंद होईल.

कन्सोल उघडायचा ठरलाच तर

नवख्यांसाठी ३६० ची एक जमेची बाजू आहे. त्याचा वीजपुरवठा बाहेरच्या विटेएवढ्या अडॅप्टरमध्ये असतो. कन्सोलच्या आत २३० व्होल्ट येतच नाहीत, बारा व्होल्टच्या आसपासचा मामला असतो. प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वन एस मध्ये वीजपुरवठा आतच असतो. तिथे नवख्याने हात घालू नये. ३६० वर शिकायला हरकत नाही, पण सगळ्या वायरी काढून, आणि आत हात घालण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून.

लागणारी हत्यारं: टी१० टॉर्क्स स्क्रू ड्रायव्हर, साधा लहान फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, बारीक टोकाचं काहीतरी आणि चिमटा. टॉर्क्स म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू. चपटा स्क्रू ड्रायव्हर त्यात कसाबसा बसवून फिरवला की खाच गुळगुळीत होते आणि मग तो स्क्रू काढता काढता नाकी नऊ येतात. टी१० घ्याच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. बेल्टचीही चौकशी तिथेच करा, नाहीतर ऑनलाइन 'एक्सबॉक्स ३६० ट्रे बेल्ट' म्हणून शोधा.

खालचा क्रम जाड मॉडेलचा आहे.

१. हार्ड डिस्क वरचं बटण दाबून काढा. पुढचं आवरण काढा.

२. दोन्ही बाजूंच्या राखाडी जाळ्या काढा. त्यांच्या भोकांमधून आतले प्लास्टिकचे अटकाव दिसतात. यू पिनने ते दाबत दाबत जाळी एका टोकापासून उचला.

३. समोरचे अटकाव हाताने सोडवा. मग मागच्या बाजूला वळा. तिथे ओळीने सात खाचा आहेत आणि प्रत्येकीत एक अटकाव. यासाठी सात दातांचं खास हत्यार मिळतं. ते नसेल तर बारीक चपट्या स्क्रू ड्रायव्हरने एकेक सोडवा आणि सुटलेला परत बसू नये म्हणून दोन्ही अर्ध्यांमध्ये थोडा ताण ठेवा. अख्ख्या कामातला सर्वांत चिडवणारा भाग हाच. जोर कमी, सबुरी जास्त.

४. खालचा अर्धा भाग निघाला की धातूच्या सांगाड्यावर सहा लांब टी१० स्क्रू दिसतील. तेवढेच काढा. बाकीच्या लहान काळ्या स्क्रूंना हात लावू नका. त्यांतले काही मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) आणि प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) धरून असतात.

५. कन्सोल सुलटा करा, इजेक्टच्या बटणाचं प्लास्टिक काढा आणि वरचा अर्धा भाग उचला. ड्राइव्ह समोरच दिसेल. त्याला वेगळे स्क्रू नाहीत, नुसता बसवलेला असतो. मागून दोन केबल येतात. त्या कनेक्टरला धरून काढा, वायरीला धरून नव्हे.

प्रत्येक पायरीवर मोबाइलने फोटो काढा. स्क्रू वाटीत एकत्र टाकण्याऐवजी कागदावर कन्सोलचा आकार काढून त्या त्या जागी सेलोटेपने चिकटवा.

बेल्ट

ड्राइव्हचं लेबल वाचून ठेवा: हिताची-एलजी, तोशिबा-सॅमसंग, बेनक्यू किंवा लाइट-ऑन. चौघांची आतली रचना थोडी वेगळी आहे, तत्त्व एकच. ड्राइव्हच्या कोपऱ्यांतले चार फुलीचे स्क्रू काढून धातूचं झाकण उचला. झाकणाच्या आतल्या बाजूला मध्यभागी ती चुंबकाची चकती असेल. काही जण ही चुंबकं काढून टाकायचा सल्ला देतात. ऐकू नका. पकड ढिली झाली की डिस्क फिरताना डगमगते.

ट्रे पुढे ओढल्यावर पुढच्या बाजूला मोटरची लहान कप्पी, तिच्याशेजारी मोठी कप्पी आणि दोघींवर चढवलेला काळा बेल्ट दिसेल. बेल्ट सोडून मोठं चाक बोटाने हळूहळू फिरवून पाहा. ट्रे आत जातो आणि अगदी शेवटी लेझरचा मंच वर उचलला जातो. उलटं फिरवलं की आधी मंच खाली झुकतो, मग ट्रे चालू लागतो. त्या पहिल्या अर्ध्या फेरीत बोटाला जो अडथळा जाणवतो, तोच तुमच्या बेल्टला झेपत नव्हता. चाक कुठे दाताला अडकतंय का, हेही याच वेळी कळतं.

जुना बेल्ट चिमट्याने काढा. निरोगी बेल्ट हातात घेतल्यावर गोल राहतो आणि ताणून सोडला की चटकन परत येतो. थकलेला लांबट होऊन पडतो, चकाकतो, कधी बोटाला चिकटतो. नवा बेल्ट आणताना जुना सोबत न्या आणि शेजारी ठेवून मापून घ्या. फार घट्ट बेल्टही चांगला नाही, त्याने मोटरवर ताण येतो.

नवा येईपर्यंत तात्पुरता जुगाड म्हणून जुना बेल्ट उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं टाकतात. रबर थोडं आक्रसतं आणि काही दिवस-आठवडे चालतं. अडकलेली डिस्क काढायची एवढीच गरज असेल तर ठीक, कायमचा इलाज म्हणून नको. घरातला साधा रबरबँड तर लावूच नका. तो आतल्या उष्णतेत तुटतो आणि चाकांत गुंडाळला जातो.

नवा बेल्ट चढवण्याआधी दोन्ही कप्प्यांच्या खाचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरड्या करा. ही पायरी गाळली तर नवा बेल्टही घसरेल. बेल्टला शक्यतो चिमट्यानेच धरा, बोटांचा तेलकटपणा लागायला नको. ट्रेच्या रुळांवरचं जुनं ग्रीस वाळून चिकट झालं असेल तर ते पुसून प्लास्टिकला चालणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट थर द्या.

झाकण बसवा, दोन्ही केबल लावा, आणि कन्सोल पूर्ण बंद करण्याआधी चालू करून ट्रे डिस्कसह आणि डिस्कविना असा दोन्ही प्रकारे उघडबंद करा. विना डिस्कची परीक्षा खरी. ड्राइव्हचं झाकण नसताना डिस्क फिरवू नका आणि लेझरकडे डोळे लावून बघू नका.

ड्राइव्ह बदलायची वेळ आली तर

दात तुटले, मोटर जळली, तर दुसरा ड्राइव्ह शोधावा लागतो. इथेच लोक फसतात. प्रत्येक ३६० चा ड्राइव्ह त्याच्या मदरबोर्डशी एका गुप्त किल्लीने बांधलेला असतो आणि ती किल्ली ड्राइव्हच्या सर्किट बोर्डवर असते. बाजारातून आणलेला दुसरा ड्राइव्ह तसाच जोडला तर ट्रे छान उघडेल, सिनेमाची डीव्हीडीही चालेल. गेम घातला की मात्र पडद्यावर सूचना येईल: ही डिस्क एक्सबॉक्स ३६० मध्ये घाला. कन्सोलच तुम्हाला कन्सोल आणायला सांगतो.

उपाय असा की त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा ड्राइव्ह घ्यायचा आणि त्यात आपल्या जुन्या ड्राइव्हचा सर्किट बोर्ड बसवायचा. काही मॉडेलांत तारा सोल्डर केलेल्या असतात. सोल्डरिंगचा हात नसेल तर हे काम दुरुस्तीवाल्याकडे द्या. मात्र जुना बोर्ड परत लावणार का, हे आधी स्पष्ट विचारा, आणि कन्सोल परत घेताना दुकानातच एक गेम लावून बघा, सिनेमा नव्हे. तुमचा मूळ ड्राइव्ह 'भंगार आहे, राहू द्या इथेच' असं म्हणून कुणी ठेवून घेत असेल तर ठेवू देऊ नका. त्यातला बोर्ड हरवला तर त्या कन्सोलवर डिस्कचे गेम पुन्हा चालवणं फार अवघड होऊन बसतं.

स्लिम आणि ई मॉडेल

२०१० चं स्लिम आणि २०१३ चं ई यांच्या ड्राइव्हमध्येही ट्रे आणि बेल्टचं तत्त्व हेच. फरक बाहेरच्या कवचाचा. त्याचे अटकाव जास्त हट्टी आहेत, आणि थंडीत प्लास्टिक कडक झालेलं असताना ते पटकन तुटतात. स्लिमच्या टच पॅनलची पातळ रिबन केबल पुढचं आवरण ओढताना फाटू शकते, म्हणून ते झटक्याने काढू नका. पहिल्यांदाच उघडत असाल आणि घरात जाड मॉडेल बंद पडलेलं असेल, तर आधी त्याच्यावर हात साफ करून घ्या.